आपण खातो ते दुकानात येतं, की दुकानात असतं ते आपण खातो?

पिशवीवाली: महिन्यापूर्वी घर बदललं. आधीच्या वस्तीत दुकानाच्या दारातच भाजी-फळं मांडलेली असायची. इथे नुसती पाकिटं आणि बाटल्या, कोपऱ्यात एखादी सुकलेली जुडी. म्हणजे इथले लोक भाजी खातच नाहीत का?

माजी दुकानदार: सोळा वर्षं गल्ल्यावर बसलोय, म्हणून सांगतो. ज्याला उठाव, तोच माल भरायचा, हे खरं; पण अर्धंच. पाकिटाची मुदत संपली तर बऱ्याच कंपन्या बदलून देतात. सुकलेली जुडी कोण बदलून देणार? तो तोटा माझा. त्यामुळे दहा जणांनी बिस्किटं मागितली आणि दहा जणांनीच भाजी, तरी मी भरायचो बिस्किटंच. शीतपेयांचा फ्रिज कंपनीने फुकट दिलेला. अट एकच, आत त्यांच्याच बाटल्या. आत शिरताच समोर तो फ्रिज. बघणारा म्हणायचा, इथल्या लोकांना काय तहान आहे! (खरं सांगू, सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं.)

आकडेमोड: काका, पण नुसतं दुकान बदलून भागत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिशोब मांडला होता: श्रीमंत घरांना दुकानात जो माल मिळतो तोच, त्याच भावात गरीब घरांनाही मिळू लागला, तरी दोघांच्या आहारातल्या पोषणाची तफावत साधारण १० टक्केच कमी होईल. जवळ नवं सुपरमार्केट उघडलं तर लोक तिथे जात, घेत मात्र नेहमीचंच.

माजी दुकानदार: घेणारच. पोरांनी टाकून दिलं तर पैसे वाया, ही भीती गिऱ्हाइकालाही असते. तोट्याचं गणित दोन्हीकडे सारखंच.

आकडेमोड: हे पटलं. अमेरिकेतच २००९ मध्ये गरोदर बायका आणि लहान मुलांसाठीच्या सरकारी योजनेत फळं-भाज्या आल्या, आणि योजनेतल्या दुकानांना त्या ठेवणं भाग पडलं. छोटी दुकानंही ठेवू लागली. घेणारं गिऱ्हाईक ठरलेलं होतं ना.

पिशवीवाली: आज दुकानात विचारलंच. म्हणाले, "ताई, रोज नेणार असाल तर आणतो." मी म्हटलं, आठवड्यातून दोनदा. त्यांनी नुसतं त्या जुडीकडे बघितलं.