वसतिगृहात रूममेट्ससमोर एआरटीची (एच.आय.व्ही.वरच्या औषधांची) गोळी कशी घ्यायची?

खिडकीपाशी:
वय २०. एच.आय.व्ही. जन्मापासून आहे, आईकडून आला. लहानपणी आजी 'ताकदीची गोळी' म्हणून द्यायची, खरं काय ते मोठी झाल्यावर कळलं. तब्येत उत्तम आहे, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) मोजण्याइतकाही सापडत नाही.

आता शिकायला वसतिगृहात आलेय. खोलीत तिघी. माझी गोळीची वेळ रात्री ९ ची आणि नेमक्या तेव्हाच दोघी खोलीत. बाटली हलली की खुळखुळ वाजते, म्हणून ती स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवते. गोळी मुठीत धरून, टॉवेल घेऊन बाथरूममध्ये जाते आणि नळाच्या पाण्याबरोबर गिळते. तिथे रांग असली की वेळ टळते, कधी कधी सकाळच उजाडते.

परवा वर्गात एड्सवर तास झाला. जेवताना एक रूममेट म्हणाली, "असल्यांची नावं आधीच कळायला हवीत, म्हणजे लांब राहता येईल." घास घशातच अडकला. हीच मुलगी मला ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसली होती. तिला सांगून टाकू का? आणि आता म्हणे इंजेक्शनही असतं, ते मागू का?

समुपदेशक_ताई:
बाळा, आधी बाटलीवर औषधाचं नाव वाच. टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅविर असेल तर रात्रीचंच बंधन नाही. रात्रीची सवय जुन्या एफाविरेन्झची. त्याने गरगरायचं, विचित्र स्वप्नं पडायची, म्हणून झोपताना घ्यायला सांगायचे. औषध बदललं तरी कित्येकांची वेळ तीच राहिली. डोल्युटेग्रॅविर दिवसातून एकदा, जेवणाआधी किंवा नंतर, कधीही चालतं. खोली रिकामी असते ती वेळ धर, फक्त डॉक्टरांशी बोलून बदल. लोह, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीचं औषध चालू असेल तर तेही त्यांना सांग, कारण त्यांच्यात आणि या गोळीत अंतर ठेवावं लागतं. वेळ टळली तर आठवताच घे, पण दोन एकदम नको.

बाटलीत ओलावा शोषणारी पुडी असते, ती काढून टाकू नकोस. थोड्या गोळ्या छोट्या डबीत काढून ठेवता येतील का, ते औषध देणाऱ्यांनाच विचार.

तरुण मुलं औषधाचा कंटाळा करतात, बेफिकीर असतात, असं सर्रास बोललं जातं. मला ते ऐकवत नाही. माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेकांना गोळीचा कंटाळा नसतो, कुणी पाहील याची धास्ती असते. औषध घ्यायला आल्यावर केंद्राच्या बाकावर ओळखीचा चेहरा दिसला म्हणून दारातूनच परत फिरलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना "हिंमत धर" सांगून काय होणार? त्यांच्या फेऱ्या कमी करायला हव्यात. तब्येत स्थिर असलेल्यांना ३ ते ६ महिन्यांचं औषध एकदम द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. तू हक्काने माग.

इंजेक्शन आहे: कॅबोटेग्रॅविर आणि रिल्पिविरिन, साधारण दोन महिन्यांतून एकदा. जुलै २०२५ मध्ये संघटनेने त्याची शिफारस केली. व्हायरल लोड दबलेला हवा आणि हेपटायटिस बी नसावा. मात्र ते अजून सगळीकडे मिळत नाही, तोवर गोळी सोडायची नाही.

अजून_एक:
मी २७ चा, पॉझिटिव्ह. सांगायची घाई करू नकोस. एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही, आणि ते कुणाकुणापर्यंत पोचेल हे आपल्या हातात राहत नाही. मी आधी विषय काढून पाहायचो. पार्टनर नावाच्या अभ्यासाचं बोलायचो: एक जोडीदार पॉझिटिव्ह, पण औषधाने व्हायरल लोड दबलेला. अशा जोडप्यांत कंडोमशिवाय संबंध येऊनही एकमेकांकडून एकही लागण झाली नाही. निष्कर्ष २०१६ आणि २०१९ मध्ये आले. हे ऐकून जो पुढचा प्रश्न विचारतो, त्याच्याशी बोलता येतं. जो विषय बदलतो, त्याला मी सांगितलं नाही.

शेजारची_खाट:
माझ्या रूममेटने मला सांगितलं होतं. त्याआधी मीही तुझ्या मैत्रिणीसारखंच बोलायचे, कारण शाळेत फक्त भीती घालून शिकवलं होतं. एका ताटात जेवून, एक बाथरूम वापरून काही होत नाही, हे मला तिच्यामुळे कळलं. तुझी मैत्रीणही बदलू शकेल. पण तिला बदलायची जबाबदारी तुझ्यावर नाही.

खिडकीपाशी:
बाटलीवर डोल्युटेग्रॅविरच आहे! डॉक्टरांना फोन केला, सकाळी ७ ला घे म्हणाले. तेव्हा दोघी मैदानावर असतात. रूममेटला सध्या सांगत नाही, पण तो अभ्यास जेवताना सहज काढणार आहे. ताई, हेपटायटिस बीची तपासणी माझी कधी झाली होती का, ते जुन्या कागदांत सापडेल ना?

समुपदेशक_ताई:
सापडायला हवं. नाहीच सापडलं तर पुढच्या रक्ततपासणीबरोबर करून घे, आणि त्याच भेटीत तीन महिन्यांच्या औषधाचंही विचार.