ऐन मुसळधार पावसातल्याच नोंदी सर्व्हरवर पोचत नाहीत

पाऊसनोंद:
नमस्कार. डोंगरावर आमचं एक घर आहे, आता तिथे कोणी राहत नाही. बाबा होते तोवर रोज सकाळी मापकातलं पाणी मोजून वहीत लिहायचे. चौदा वर्षांच्या वह्या माझ्याकडे आहेत. ती नोंद तुटू नये म्हणून अंगणात छोटं हवामान केंद्र बसवलंय: ईएसपी३२ (सगळं चालवणारी छोटी संगणक-चिप), तापमान-आर्द्रता-दाबासाठी बीएमई२८० सेन्सर, ०.२ मिमीचा टिपिंग बकेट पर्जन्यमापक (तेवढा पाऊस साठला की आतली छोटी बादली पलटते आणि एक पलटी मोजली जाते), मोबाइलच्या २जी नेटवर्कवर चालणारा एसआयएम८००एल मोडेम, दोन १८६५० रिचार्जेबल सेल आणि सोलर पॅनल. वीज नाही, वायफाय नाही. दर ५ मिनिटांनी एक नोंद एचटीटीपीने सर्व्हरवर जाते.

एरवी सुरळीत चालतं. गेल्या आठवड्यात रात्री जोराचा पाऊस झाला. शेवटची नोंद २.१०ची, पुढची थेट ६.४०ची. मधल्या ५३ नोंदी नाहीतच. बाबांचं साधं मापक शेजारी अजून उभं आहे. सकाळी जाऊन पाणी मोजलं तर ७१ मिमी. केंद्राच्या हिशेबाने २३. आणि ६.४०च्या नोंदीत पावसाचा आकडा पुन्हा शून्यापासून सुरू. हे तिसऱ्यांदा झालं. ज्या रात्रीसाठी एवढा खटाटोप केला तीच रात्र वहीत कोरी राहते, याचं फार वाईट वाटतं.

घरी टेबलावर यूएसबीवर लावलं तर तासन्‌तास एक चूक होत नाही. एचटीटीपी सोडून एमक्यूटीटी (ब्रोकर नावाच्या मधल्या सर्व्हरमार्फत छोटे संदेश पोचवणारी पद्धत) घेऊ का? की सरळ लोरा (मोबाइल नेटवर्कशिवाय दूरवर पोचणारा रेडिओ)?

तारजोड:
ताई, प्रोटोकॉल राहू द्या, आधी वीज बघा. आकडा शून्यावर आला म्हणजे ईएसपी३२ रीसेट झालाय. एसआयएम८००एलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि पाठवण्याच्या क्षणी तो २ अँपिअरपर्यंत करंट ओढतो. सिग्नल कमजोर असला की मोडेम जास्त जोर लावून पाठवतो. दोन-तीन ढगाळ दिवसांनी सेल आधीच उतरलेले, त्यात हा झटका बसतो.

मल्टीमीटरवर हे दिसणार नाही. जीएसएमचा (२जीचा) एक बर्स्ट, म्हणजे पाठवण्याचा एक झटका, ०.५७७ मिलिसेकंदाचा असतो, मीटर आपली सरासरी दाखवतो. मोडेमच्या पिनांना अगदी लागून १००० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर लावा. सेलपासून मोडेमपर्यंत वायर जाड आणि आखूड ठेवा. ब्रेडबोर्डच्या बारीक जंपर वायरी असतील तर त्या आधी काढा. आणि सेल ३.६ व्होल्टच्या खाली गेले की मोडेम चालूच करायचा नाही, नुसती नोंद ठेवायची.

खतावणी:
वरचं सगळं करा. तरीही वादळात टॉवरच बंद पडला तर नोंद कुठे थांबणार? आत्ता तुमचा कोड पाठवणं फसलं की नोंद सोडून देतो, असं दिसतंय. हे उलटं करा: नोंद आधी जागेवर लिहायची, मग पाठवायची, आणि सर्व्हरने 'मिळाली' म्हटल्याशिवाय पुसायची नाही.

लिहायला एफरॅम चिप घ्या. वीज मध्येच गेली तरी लिहिलेलं टिकतं, आणि एसडी कार्डासारखी फाइल बिघडत नाही. ईएसपी३२ची आरटीसी मेमरी (चिप झोपली तरी जागी राहणारी छोटी मेमरी) डीप स्लीपमध्ये टिकते, ब्राउनआउटमध्ये, म्हणजे व्होल्टेज पडून चिप रीसेट झाली तर, नाही. तुमचा शून्य बहुधा तिथूनच आला.

पावसासाठी एक गोष्ट जरूर करा. '५ मिनिटांत किती पलट्या झाल्या' हे पाठवू नका, केंद्र बसवल्यापासूनच्या एकूण पलट्या पाठवा. मग मधल्या ५३ नोंदी कायमच्या गेल्या तरी आधीचा आणि नंतरचा आकडा वजा करून रात्रीचा एकूण पाऊस मिळतो. गाडीच्या किलोमीटरसारखा हा आकडा कधी मागे फिरता कामा नये.

अनुक्रमांक ४ बाइट, वेळ ४, एकूण पलट्या ४, तापमान, आर्द्रता, दाब आणि सेलचा व्होल्टेज प्रत्येकी २. झाले २० बाइट. दिवसाच्या २८८ नोंदी म्हणजे ५,७६० बाइट. महिनाभर नेटवर्क नसलं तरी हे एका छोट्या चिपमध्ये मावतं. अर्ध्या तासाच्या ६ नोंदी एकदम पाठवा, मोडेम तेवढा कमी वेळा उठेल. नोंदीवर वेळ केंद्रातच घाला, सर्व्हरवर नको. नाहीतर उशिरा पोचलेला रात्रीचा पाऊस सकाळचा होऊन बसेल. त्यासाठी डीएस३२३१ घड्याळ-चिप लावा, ती वर्षाला फार तर मिनिटभर सरकते.

पाऊसनोंद:
खूप आभार दोघांचे. एक शंका: सर्व्हरने नोंद घेतली, पण त्याचं 'मिळाली' वाटेत हरवलं, तर तीच नोंद दुसऱ्यांदा येईल ना?

खतावणी:
येईल, येऊ द्या. डेटाबेसमध्ये केंद्राचा क्रमांक आणि नोंदीचा अनुक्रमांक यांची जोडी एकमेव ठेवा, दुसऱ्यांदा आलेली दुर्लक्षित होईल. एमक्यूटीटीचंही विचारलं होतंत. तिथे क्यूओएस १ची (पोच मागणाऱ्या पातळीची) पोच ब्रोकर देतो. तुमच्या डेटाबेसमध्ये नोंद बसली की नाही हे त्याला माहीत नसतं. शिवाय एमक्यूटीटीसाठीची पबसबक्लायंट लायब्ररी क्यूओएस ०नेच, म्हणजे पोच न मागता, पाठवते. एचटीटीपीच राहू द्या, फक्त डेटाबेसमध्ये लिहून झाल्यावरच सर्व्हरने २०० (एचटीटीपीतला 'ठीक आहे'चा संकेत) म्हणावं.

दूरवरून:
लोराबद्दल थोडं. त्या घराच्या सरळ नजरेत इंटरनेट असलेली जागा असेल तरच त्याचा विचार करा. मध्ये डोंगराची सोंड आली तर भरवसा नाही. पण २जीवर फार काळ विसंबू नका. अमेरिकेत एटी अँड टीने ते २०१७च्या सुरुवातीलाच बंद केलं. पुढचा मोडेम ४जीचा घ्या.

पाऊसनोंद:
पाच आठवड्यांनी लिहितेय. ऑसिलोस्कोप (क्षणाक्षणाचा व्होल्टेज दाखवणारं यंत्र) मागून आणला आणि घरीच सेलवर लावून पाहिलं. मीटरवर ३.८ व्होल्ट स्थिर दिसत असताना स्कोपवर दर बर्स्टला खाली गेलेले दात, ३.१पर्यंत. कपॅसिटर लावला, वायरी बदलल्या, ते ३.६च्या वर थांबले. एफरॅम, डीएस३२३१, एकूण पलट्या, एकमेव जोडी, सगळं केलं. रीड स्विचची (बादली पलटली की चुंबकाने मिटणाऱ्या स्विचची) थरथर टाळायला एका पलटीनंतर १०० मिलिसेकंद काही मोजत नाही. ताशी १२० मिमी पाऊस असला तरी दोन पलट्यांमध्ये ६ सेकंद असतात, म्हणून त्यात खरी पलटी हुकत नाही.

परवा रात्री पुन्हा मोठा पाऊस झाला. ११.३० नंतर सर्व्हरवर काहीच नाही. मी जागीच होते. ४.०५ला एकदम नोंदी यायला लागल्या, ११.३५ची, ११.४०ची, ओळीने, एकही क्रमांक न गाळता. सकाळी बाबांच्या मापकात ६४ मिमी, केंद्राचे ६१.२. जोराच्या पावसात बादली पलटत असताना पडणारं थोडं पाणी मोजलं जात नाही, त्यामुळे एवढा फरक पडला असावा. वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिलेत.