सिबिल स्कोअर पार घसरलाय, ऑफिसमधल्या चौघी मिळून सावरायचं म्हणतोय, जाणकारांनी सांगा

भांडुपकरीण:
नमस्कार, जरा मोठं लिहितेय. मिस्टरांची कंपनी बंद पडली, त्याच काळात सासूबाईंचं ऑपरेशन निघालं आणि माझ्या नावावरचं पर्सनल लोन आणि क्रेडिट कार्ड दोन्ही थकलं. आता त्यांना काम लागलंय, माझाही पगार चालू आहे, महिन्याला थोडेफार पैसे बाजूला पडतात. सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, काढला तर ५४८. कार्डवाल्यांचा फोन येतो की ४० टक्के भरा, विषय संपवा. स्टेशनबाहेर बोर्ड होता त्या नंबरवर फोन केला तर तो माणूस म्हणतो ८ हजार द्या, ४५ दिवसांत ७५० करून देतो. ऑफिसात आम्ही चौघीजणी आहोत, सगळ्यांची कमीजास्त हीच गत, कोणाचं कोविडपासूनचं, कोणाचं नवऱ्याच्या धंद्यापायी. डब्याच्या वेळी बोलता बोलता ठरलं की मिळून काहीतरी करू. भिशी लावली तर सिबिल सुधारतं का? आणि ती ४० टक्क्यांची ऑफर घ्यावी का? घरी पूर्ण आकडा कोणालाच माहीत नाही, फोन वाजला की छातीत धस्स होतं.

दादरकर_काका:
ताई, मी बँकेत वसुली खात्यात बरीच वर्षं काढली म्हणून सांगतो. त्या ८ हजारवाल्याला एक रुपया देऊ नका. तुमच्या कर्जांच्या रिपोर्टमधली खरी नोंद पैसे घेऊन कोणी पुसू शकत नाही, आणि चुकीची असेल तर ती दुरुस्त करून घ्यायला तुम्हाला फुकटात तक्रार करता येते. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. चारही काढा, कारण एकीकडे खातं बंद दिसतं आणि दुसरीकडे तेच चालू, असं मी पुष्कळ पाहिलंय. चूक सापडली तर त्यांच्या साईटवर तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते, एप्रिल २०२४ पासून. स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, ती भीती बऱ्याच जणांना असते.

आता ४० टक्क्यांचं. फोनवरचा माणूस "विषय संपवा" म्हणतो पण रिपोर्टमध्ये तो संपत नाही, तिथे "क्लोज्ड"च्या (पूर्ण फेडून बंद) जागी "सेटल्ड" (कमी पैशांत तडजोड) पडतं आणि पुढे घराचं कर्ज मागायला गेलात की पहिला प्रश्न त्याचाच येतो. शिवाय ज्या बँकेशी सेटलमेंट केली ती किमान १२ महिने नवीन कर्ज देत नाही. तुमच्या घरात आता दोन पगार आहेत, म्हणून माझं मत स्पष्ट आहे, बँकेकडे लेखी अर्ज करा की पूर्ण मुद्दल भरते पण दंड आणि व्याजात सूट द्या आणि हप्ते बांधून द्या, आणि त्या सुटीनंतर खातं "क्लोज्ड" कळवणार की "सेटल्ड" हे त्यांच्याकडून लेखी घ्या. ज्याला खरंच जमत नाही त्याने सेटलमेंट करावी, त्यात पाप नाही, पण पत्र हातात आल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत आणि भरल्यावर नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा दाखला, घ्यायचंच. आणि वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी नि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, शेजाऱ्यांकडे किंवा ऑफिसात बदनामी तर अजिबात नाही. तसं झालं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, महिन्याभरात उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, ते ऑनलाईन आणि फुकट आहे.

ठाकुर्लीकर:
काकांनी कागदाचं सांगितलं, मी माणसांचं सांगतो. आमच्या लोकलच्या ग्रुपात तिघे असे होतो, एकच कारखाना बंद झाल्यावर सगळेच अडकलो. रोज डब्यात बाजूबाजूला उभे राहायचो पण कोण कितीत आहे हे कोणी बोलत नव्हतं, आणि त्या न बोलण्यातच जास्त नुकसान होतं कारण मग माणूस एक ॲपचं कर्ज फेडायला दुसरं ॲप घेतो. एका रविवारी एकाच्या घरी बसलो, आपापल्या रिपोर्टची प्रिंट समोर ठेवली आणि प्रत्येकाने आकडा मोठ्याने वाचला. त्या दिवसापासून डोकं हलकं झालं, खरंच.

आम्ही काय करतो तर ड्यू डेटच्या चार दिवस आधी ग्रुपवर आठवण टाकतो आणि बिल भरलं की "भरलं" एवढंच लिहायचं, स्क्रीनशॉट टाकायचा तर कार्ड नंबर झाकून. कोणाचं उत्तर नाही आलं की संध्याकाळी फोन जातो. बँकेत जायचं असेल तर दोघं जातो, एकटा माणूस तिथे घाबरून कशालाही हो म्हणतो. घासाघीस करायला दुसऱ्याचं तोंड बरं पडतं कारण त्याला लाज वाटत नाही. पैसे मात्र एकमेकांना उधार द्यायचे नाहीत, हे पहिल्या दिवशी ठरवलं आणि म्हणूनच ग्रुप टिकलाय. आणि घरी सांगा ताई, निदान मिस्टरांना तरी पूर्ण आकडा सांगा, इतकं ओझं एकटीने घेऊ नका.

चेंबूरची_ताई:
भिशीबद्दल बोलते कारण आमच्याकडे आईच्या वेळेपासून आहे. भिशीची नोंद कुठल्याच ब्युरोकडे, म्हणजे काकांनी सांगितलेल्या त्या चार कंपन्यांकडे, जात नाही, त्यामुळे दहा वर्षं नियमित भरलीत तरी स्कोअर एक पॉइंट वाढणार नाही. पतसंस्थेचंही विचारून घ्या, सगळ्या त्यांना कळवत नाहीत. पण भिशी निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. चौघींचीच, ओळखीतली, छोटी रक्कम, आणि जिचं थकलेलं कार्ड सगळ्यात महाग व्याजाचं तिला पहिला नंबर. कार्डावर वर्षाला ३६-४२ टक्के व्याज लागतं, ते जितकं लवकर बंद होईल तेवढं बरं. बाहेरच्या मोठ्या भिशीत मात्र शिरू नका, चालवणारा गायब झाला की कोणाकडे दाद मागणार?

स्कोअर वाढवायचा तर थकबाकी मिटल्यावर एफडीवरचं क्रेडिट कार्ड घ्या. १५-२० हजारांची एफडी ठेवली की बँका साधारण ७५ ते ९० टक्के लिमिट देतात, स्कोअर खराब असला तरी सहसा मिळतं. त्यावर फक्त लाईट बिल नि मोबाईलचं बिल टाका, लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आतच ठेवा आणि पूर्ण बिल भरा, मिनिमम ड्यू (बिलावर लिहिलेली किमान रक्कम) नव्हे. मिनिमम भरून लोक वर्षानुवर्षं तिथेच राहतात, मला फार वाईट वाटतं बघून. सिबिलच्या रिपोर्टात मागच्या ३६ महिन्यांचे हप्ते दिसतात, म्हणजे वेळेवर भरलेला प्रत्येक महिना जुन्या उशिराच्या एका महिन्याला मागे ढकलतो. हळू आहे पण होतं. आणि मध्ये दहा ठिकाणी लोनचे अर्ज टाकत बसू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर दिसते.

भांडुपकरीण:
सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्टरांना काल रात्री सगळं सांगितलं, ते म्हणाले आधी का नाही बोललीस, एवढंच. कार्डवाल्यांना लेखी अर्ज उद्या देतेय, मैत्रीण बरोबर येतेय. अजून एक विचारते, आमच्यातल्या एकीचा स्कोअर बरा आहे, ती म्हणते मी जामीन राहते, तू नवीन लोन काढून जुनं सगळं फेड. करू का?

दादरकर_काका:
नको. जामीनदाराच्या रिपोर्टमध्येही ते कर्ज दिसतं आणि तुमचा हप्ता चुकला तर स्कोअर तिचाही पडतो, बँक तिच्याकडून वसूलही करू शकते. चौघींत एकीचं चांगलं आहे ते चांगलंच राहू द्या. तिला खरंच मदत करायची असेल तर उद्या बँकेत तीच बरोबर येऊ दे आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच शिक्का घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.

ठाकुर्लीकर:
+१. आणि ताई, अर्जावर तारीख आणि खाते नंबर नीट लिहा, आमच्यातल्या एकाचा अर्ज त्यावरूनच परत आला होता.