किशोरांसाठी ख्रिस्ती पुस्तकं: तात्पर्य छापलेली नकोत

मडगावकरीण

नगर, वसई, कोल्हापूरकडून नोकरीनिमित्त गोव्यात आलेली आम्ही काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं मडगावात प्रार्थनेला जमतो. यंदा वर्गणी काढून तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी पुस्तकं घ्यायची ठरली आणि निवड माझ्याकडे आली. दुकानात या वयासाठी सगळ्यांत पुढे मांडलेली असतात ती ‘रोज एक पान’ छापाची पुस्तकं. वर वचन, मध्ये छोटी गोष्ट, खाली तात्पर्य आणि दोन ओळींची प्रार्थना. ती मी घेणार नाही म्हटल्यावर मंडळींत मतभेद झाले, म्हणून इथे विचारते.

या वयाच्या मुलांना उपदेशाचा वास लांबून येतो. त्यांना माणूस हवा असतो. भांडणारा, घाबरणारा, देवावर रुसणारा माणूस. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यामागून गेल्या नाहीत. वर्षानुवर्षं वेगळ्या राहिल्या, रडल्या, सोवळं सांभाळलं. मग 1900 मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. पुस्तकात त्या कुणालाही शहाणपण शिकवत नाहीत, उलट पानोपानी हसवतात. पंडिता रमाबाईंचंही तसंच. 1883 मध्ये इंग्लंडात दीक्षा घेतल्यावरही त्या तिथल्या धर्माधिकाऱ्यांशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. विश्वास ठेवूनही प्रश्न विचारता येतात, हे पंधरा वर्षांच्या मुलीने अशा बाईकडून ऐकावं.

पुस्तक निवडताना मी ते मधूनच उघडते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी लेखक मुलांना धडा देत असेल, तर परत ठेवते.

म्हापशाचा संडेस्कूलवाला

ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण ‘रोज एक पान’वर तुम्ही अन्याय करताय. मी चर्चच्या रविवारच्या वर्गात मुलांना शिकवतो. दहावीच्या पोराला सकाळी बसस्टॉपवर दहा मिनिटं मिळतात. त्यात तो ‘स्मृतिचित्रे’ उघडणार का? एक वचन तेवढं डोक्यात राहतं आणि परीक्षेच्या खोलीत आठवतं. सवय अशीच लागते.

दुसरं म्हणजे चरित्रांनी माणसाची पूजा सुरू होते. मुलांच्या हाती आधी पवित्र शास्त्र द्यावं, मार्कचं शुभवर्तमान द्यावं. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत ते सगळ्यांत लहान, एका बैठकीत वाचून होतं. टिळक, रमाबाई त्यानंतर.

दोनापावला

दोघांनाही विचारते, ही मुलं मराठीत वाचतात का? माझी दोन्ही मुलं इंग्रजी शाळेत, रस्त्यावर कोंकणी, मराठी फक्त आजीशी फोनवर. सोवळं-ओवळं, केशवपन हे समजावण्यातच माझी संध्याकाळ जाईल. त्यांना त्यांच्या काळातला मुलगा द्या. कार्लो अकुतिस 1991 मध्ये जन्मला, संगणकात रमायचा, चमत्कारांची माहिती देणारी वेबसाइट त्याने केली, 2006 मध्ये पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेला. सप्टेंबर 2025 मध्ये त्याला संत घोषित केलं. जीन्स आणि स्पोर्ट्स शूज घातलेला संत! माझ्या मुलाने त्याच्याविषयी स्वतःहून विचारलं, लक्ष्मीबाईंविषयी कधीच नाही.

मडगावकरीण

@दोनापावला, कार्लोचं पुस्तक जरूर घेईन. पण तो निवडायचा तर त्याच्या आजाराचं पान गाळलेलं नको. आणि काळ जवळचा असला म्हणजे माणूस जवळचा होतो, हे मला पटत नाही. आपल्याच बाणावलीचे संत जोसेफ वाझ पाहा, जन्म 1651. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती, म्हणून हे 1687 मध्ये मजुराच्या वेशात तिकडे उतरले. पुढे कँडीत पोर्तुगिजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. 1697 मध्ये देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, तेव्हा हे त्यांना उचलून आणत होते. 2015 मध्ये कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं. मडगावातून बाणावली किती लांब? आमच्या मुलांना किनारा माहीत आहे, हा माणूस माहीत नाही. वेषांतर, तुरुंग, साथ, यापेक्षा थरारक काय हवं?

@संडेस्कूलवाला सर, मार्कचं मान्य. तात्पर्याचं नाही. परीक्षेत आठवलेलं वचन घरात कुणी वारल्यावर पुरत नाही.

डिचोलीचा ग्रंथपाल

मी हिंदू, पण ‘स्मृतिचित्रे’ आमच्या वाचनालयात आत्मचरित्रांच्या कपाटात आहे आणि सगळे नेतात. ते ‘ख्रिस्ती पुस्तक’ म्हणून वेगळं काढू नका, ही विनंती.

एक आक्षेप मात्र स्पष्टच मांडतो. गोव्यातल्या संतांच्या गोष्टी मुलांना देताना इथला इतिहास कापून देऊ नका. 1560 ते 1812, मधली काही वर्षं सोडता, इथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाच्या आरोपावरून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय होतं. मंदिरं पाडली गेली, देशी भाषांतले ग्रंथ नष्ट झाले. मुलं इतिहासात ते वाचतातच. चर्चच्या पुस्तकात त्यावर अवाक्षर नसेल, तर त्यांचा त्या पुस्तकावरचा विश्वासच उडेल.

मडगावकरीण

दादा, हे मला मनापासून मान्य आहे, आणि त्यासाठीच ‘ख्रिस्तपुराण’ हे बायबलची कथा सांगणारं जुनं मराठी काव्य यादीत हवं. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले, 1616 मध्ये राचोलला ते छापलं गेलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. त्यात नव्याने ख्रिस्ती झालेला एक जण पाद्रींना म्हणतो, आमची जुनी पुराणं बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? जे हिरावून घेतलं, त्याची वेदना ग्रंथातच नोंदली आहे. हे पान मुलांसमोर ठेवून बोलता येतं, काही लपवावं लागत नाही. अख्खा ग्रंथ कुणी हातात द्यावा असं मी म्हणत नाही. येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, तो काना गावच्या लग्नाचा प्रसंग मोठ्याने वाचून दाखवावा, ओवीला लय आहे, कान पकडते.

फोंड्याची आई

कुणी कॉरी टेन बूमचं ‘द हायडिंग प्लेस’ सुचवेल त्याआधीच सांगते, तेराव्या वर्षी देऊ नका. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्समधल्या हार्लेमला कॉरीच्या घड्याळजी कुटुंबाने नाझींपासून ज्यूंना घरात लपवलं, 1944 मध्ये पकडले गेले, बहीण बेत्सी रावेन्सब्रुकच्या नाझी छावणीत वारली. पुस्तक अप्रतिम आहे. पिसवांचा प्रसंग तर विसरता येत नाही: बराकीत पिसवा इतक्या, की पहारेकरी आत येत नाहीत, म्हणून बायकांना शास्त्र वाचता येतं. पण माझ्या धाकटीला छावणीचं वर्णन वाचून रात्री झोप लागेना. मोठीने सोळाव्या वर्षी तेच वाचलं आणि वाचून झाल्यावर आमच्याशी तासभर बोलत बसली. तेरा ते सतरा हा एक गट धरूच नका.

दोनापावला

अगदी बरोबर. तेरा आणि सतरा यांत फार अंतर असतं.

सोळा वर्षांची, वास्को

काकी, तुम्ही सगळे आमच्यासाठी निवडताय म्हणून लिहिते. माझे आजोबा आजारी होते तेव्हा आम्ही रोज प्रार्थना केली आणि ते वारले. मला मिळालेल्या पुस्तकात लिहिलं होतं की देवाची योजना असते. ते मी मिटून ठेवलं. नंतर बायबलमध्ये स्वतःच चाळताना स्तोत्र 88 सापडलं. ते अंधारातच संपतं. शेवटी ‘पण तरीही’ असं काही येत नाही. एवढी वर्षं संडेस्कूलला जाते, ते स्तोत्र आम्हाला कुणी वाचून दाखवलं नाही. मला असं पुस्तक हवं ज्यात हे असेल.

म्हापशाचा संडेस्कूलवाला

बाळा, तुझ्या आजोबांसाठी प्रार्थना करतो. स्तोत्र 88 आमच्या वर्गातही कधी घेतलं गेलं नाही, ते पुढच्या रविवारी घेतो. बायबलमधलं ईयोबाचं पुस्तकही वाच, सर्वस्व गमावलेला तो माणूस देवाशी सरळ भांडतो, आणि शेवटी देव ईयोबाच्या मित्रांवर रागावतो, ईयोबावर नाही.

मडगावकर ताई, यात माझाच मुद्दा आला: तिला हवं ते शास्त्रातच मिळालं.

मडगावकरीण

मिळालं, पण तिने एकटीने शोधलं. तात्पर्याच्या पुस्तकाने ते तिच्यापर्यंत आणलं नाही, सर.

यादी आता अशी करते. तेरा-चौदाच्या मुलांना जोसेफ वाझ आणि कार्लो, त्यापुढच्यांना ‘स्मृतिचित्रे’, रमाबाई आणि ‘द हायडिंग प्लेस’. मार्क आणि स्तोत्रसंहिता सगळ्यांना. ‘ख्रिस्तपुराणा’तला प्रसंग आम्ही मोठे वाचून दाखवू. जोसेफ वाझ यांच्यावर मुलांसाठी चांगलं लिहिलेलं मराठी पुस्तक कुणाकडे असेल तर प्रकाशकाचं नाव कळवा. आणि वास्कोची बेटा, तुझ्या आईला विचारून पुढच्या बैठकीला ये, पैसे खर्च व्हायच्या आधी.

म्हापशाचा संडेस्कूलवाला

यादीत ‘रोज एक पान’ची एक तरी प्रत ठेवा. ज्याला हवी तो उचलेल.

मडगावकरीण

वर्गणीतून नाही, सर. तुम्ही भेट दिलीत तर कपाटात ठेवीन.