टॉर्चचं बटण मागे असलेलं बरं की बाजूला?

द्राक्षबाग_निफाड:
नमस्कार मंडळी, बाग निफाड तालुक्यात आहे, या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रीची म्हणजे बारा-एकला उठून मोटर चालू करायला जायचं, शेजारी उसाचा फड आणि बिबट्याचं तर तुम्हाला माहितीच आहे. जुनी बॅटरी गेली (आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात, हसू नका) म्हणून नाशिकला आलो तर दुकानात चार दाखवल्या आणि चारींची तऱ्हा वेगळी. एकीचं बटण बुडाला, अर्धं दाबलं तरी लागते. दुसरीचं पण बुडाला पण दाबून धरलं तर काहीच नाही, बोट सोडलं की उजेड!! तिसरीचं बाजूला, मऊ. चौथीला बटणच नाही, डोकं पिळायचं. दुकानदार म्हणे सगळ्या सारख्याच. खरंच का?

भटक्या_४२२:
सारख्या कशा असतील दादा. पहिली फॉरवर्ड क्लिकी, अर्धं दाबलं की लागते, सोडलं की बंद, पूर्ण दाबून टक् झालं की लागून राहते. दुसरी रिव्हर्स क्लिकी, तिच्यात संपर्क बोट सोडताना जुळतो म्हणून तुम्हाला उलटं वाटलं, पण चालू असताना हलकंसं दाबलं की करंट क्षणभर तुटतो आणि तेवढ्यावर सर्किट मोड बदलतं, ट्रेकला कमी-जास्त उजेड करायला हे सोयीचं. हरिहर गडाच्या पायऱ्या एका हाताने खोबणी धरून चढायच्या असतात तिथे पिळायची टॉर्च नेली होती एकदा, दात वापरावे लागले. तुमचे हात चिखलाचे असणार, चौथी विसरा. फडात खसफस झाली की दाबताक्षणी उजेड पाहिजे, पहिली घ्या. फक्त पहिल्या दाबाला फुल उजेड येतो की मंद ते दुकानातच बघा.

सोल्डरवाला:
बाजूच्या मऊ बटणाबद्दल कोणी बोललंच नाही. ते इलेक्ट्रॉनिक असतं, त्यातून दिव्याचा करंट जातच नाही, ते फक्त आतल्या चिपला सांगतं की लाव. म्हणून चिप कायम जागी आणि टॉर्च बंद असताना पण सेल थोडा थोडा पिते. चांगल्या सर्किटमध्ये हे ३० मायक्रोअँपियर धरा, ३००० एमएएचचा १८६५० सेल (टॉर्चमधला चार्ज होणारा लिथियम सेल) हिशोबाने ११ वर्षं पुरेल, म्हणजे सेल आपोआप उतरतो तोच जास्त. पण भंगार सर्किट १ मिलिअँपियर पीत असेल तर ३००० तास, चार महिन्यात खलास. आणि पिशवीत चुकून दाबली गेली तर तापते, कापड करपलेलं पाहिलंय. उपाय सोपा, मागचं झाकण पाव आटा सैल करा, लागतच नाही. मात्र आट्यांवर अॅनोडाइझचा थर पाहिजे, त्यातून करंट जात नाही, आटे नुसते चकचकीत अॅल्युमिनियमचे असतील तर सैल करून उपयोग शून्य.
क्लिकीत उलट आहे, बंद म्हणजे खरंच बंद, पण सगळा करंट बटणातूनच जातो. काही वर्षांनी संपर्क काळे पडतात, लाईट लुकलुकते आणि लोक टॉर्च फेकून देतात. अहो झाकण उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आधी.

सिन्नरचे_काका:
तुमचं फॉरवर्ड का काय ते, आमच्या पत्र्याच्या तीन सेलवालीला होतंच की. पुढे-मागे सरकवायचा खटका आणि त्याच्यासमोर छोटं लाल बटण, दाबलं तेवढाच उजेड. बांधावरून पलीकडच्या मळ्यात इशारा द्यायचो, दोनदा मारली की पाणी फोडा, तीनदा म्हणजे बारं बंद. खटक्यातली पितळी पट्टी गंजली की मात्र थोबाडीत मारल्याशिवाय लागायची नाही.
आणि बिबट्यासाठी बटणाच्या भरवशावर राहू नका बाळा, लावूनच चाला, मोबाईलवर मोठ्याने गाणी लावा, सोबतीला कोणीतरी घ्या.

द्राक्षबाग_निफाड:
काका बरोबर, लावूनच जातो आता. पहिलीच घेतली, पहिल्या दाबाला फुल लागते. दोन गोष्टी दुकानात कळल्या नाहीत. बुडाचं बटण म्हणजे अंगठा मागे ठेवून टॉर्च खांद्यापाशी धरावी लागते, वडील सवयीने खाली धरतात आणि पुढे बटण शोधत बसतात. दुसरं, बटण बाहेर आलेलं असल्याने ती बुडावर उभी राहत नाही, स्टार्टरच्या पेटीपाशी दोन्ही हात मोकळे पाहिजेत ना. @सोल्डरवाला, पेटीच्या झाकणाला आतून चिकटेल अशी काही मिळते का?

सोल्डरवाला:
मिळते, बुडाला चुंबक असलेली. पण ती बहुतेक बाजूच्या बटणाची असते बरं का 😄