रूपविकारी की चल तारा?

माहुलीकर: साताऱ्यात शाळेच्या भित्तिपत्रकासाठी ईटा कॅरिनीवर लिहितेय. सुमारे 7,500 प्रकाशवर्षांवरचा हा तापलेला, महाकाय तारा 1843 मध्ये इतका उजळला की आकाशात व्याधाखालोखाल त्याचाच नंबर लागला. पुढं नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला, आता परत दिसतो. असं तेज बदलणाऱ्या ताऱ्याला मी ‘रूपविकारी तारा’ लिहिलं. सहकारी बाई म्हणाल्या, विकार म्हणजे आजार, ‘चल तारा’ लिहा. पण चल म्हटलं की मुलांना तो जागचा हलतो असं वाटणार. काय ठेवू?

वाईकर: ताई, रूपविकारीच ठेवा. आमच्या वाईच्या विश्वकोशानं तोच शब्द रुळवला. नाम, सर्वनाम हे विकारी शब्द असं सहावी-सातवीतली पोरंही पाठ म्हणतात. विकार म्हणजे बदल.

विटेकर: बीजगणितातलं ‘चल’ही पोरांना ठाऊक असतं. कोशातला शब्द कोशातच राहतो, काका. बरं, ताऱ्याभोवतीच्या ढगाला काय लिहिलंत?

माहुलीकर: तेजोमेघ.

वाईकर: तो शब्द मला पटत नाही. त्रिशंकू तारकासमूहाला लागून ‘कोळशाचं पोतं’ आहे, तोही ढगच, पण काळा. त्याला ‘काळा तेजोमेघ’ म्हणणार? ईटाच्या उद्रेकातून निघालेल्या वायू-धुळीच्या दोन फुग्यांतली धूळसुद्धा बराचसा ताऱ्याचाच उजेड परतवते. अभ्रिका म्हणा, म्हणजे दोन्हीकडं चालतं.

विटेकर: तेजोमेघ म्हटल्यावर डोळ्यांपुढं काहीतरी उभं राहतं. अभ्रिका समजावून सांगावी लागते.

माणदेशी: कशाला समजावायची? आमच्याकडं ढगालाच आभाळ म्हणतात. ‘आभाळ आलंय, वैरण झाका,’ असं आजी ओरडायची. ते अभ्रावरूनच आलंय. उशीचा अभ्राही त्याच घरचा असणार. ताऱ्यानं अंगावरून उतरवलेली खोळच की ती!

विटेकर: उशीचा अभ्रा फारसी आहे.

माणदेशी: फारसीतही ढगाला अब्रच म्हणतात. संस्कृत अभ्राचा भाऊबंद.

वाईकर: अब्र मान्य. पण उशीचा अभ्रा त्यातनंच निघाला, हे कशावरून? उच्चार जुळला म्हणून नातं जोडायचं नसतं.

मिरजमळा: एप्रिलअखेर रात्री नऊला दक्षिणेकडं मोकळं क्षितिज गाठा. सांगलीतून ईटा जेमतेम 13 अंश वर येतो, त्रिशंकूच्या उजव्या हाताला. दंडोबाच्या डोंगरावर गेलात तर शहराचे दिवे आड येत नाहीत. दुर्बीण न्या, आसपासची मोठी अभ्रिका अंधूक पांढरट दिसते.

माणदेशी: आमच्यात त्याला तारा नाही, चांदणीच म्हणतील. मग चांदणी आणि तारा यांत फरक कुठं धरायचा, काका?