'वतन'चं मराठी काय करायचं?

शरयू
उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याच्या शेवटच्या शतकावरचा लेख मराठीत आणतेय आणि एका शब्दापाशी अडलेय. १ एप्रिल १८७३ ला इस्तंबूलच्या गेदिकपाशा नाट्यगृहात नामिक केमालचं नाटक लागलं, 'वतन याहुत सिलिस्त्रे', म्हणजे 'वतन किंवा सिलिस्त्रा'. १८५४ साली, क्रिमियन युद्धात, रशियनांनी डॅन्यूबकाठच्या सिलिस्त्राला वेढा घातला होता, त्याची ही गोष्ट. प्रेक्षक इतके पेटले की घोषणा देत रस्त्यावर आले. काही दिवसांतच केमालची सायप्रसला रवानगी झाली. मी लिहिलं, 'वतनासाठी मरायला निघालेले सैनिक'. वडिलांनी वाचून विचारलं, "कुठलं वतन? पाटीलकीचं की देशमुखीचं?" 'मातृभूमी' लिहू का?

मोडीवाचक
वडिलांना जे वाटलं तेच बहुतेक वाचकांना वाटणार. आपल्या कागदपत्रांत वतन म्हणजे पिढीजात हक्क, त्याचा मान आणि त्यासोबतची जमीन. आज्ञापत्रात, म्हणजे मराठेशाहीतल्या राजनीतीवरच्या ग्रंथात, वतनदारांना 'देशनायक' म्हटलंय, आणि ते कौतुकाने नव्हे. वतन टिकावं म्हणून शत्रूला जाऊन मिळणारे आपल्याकडे कमी झाले नाहीत. तुमच्या वाक्याचा अर्थ मराठीत पार उलटा होतो.

अनिकेत
'मातृभूमी'च लिहा. चांगला शब्द असताना अरबी कशाला? शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश कशासाठी करवून घेतला?

इस्तंबूलकर
अनिकेतराव, हाच प्रयोग तुर्कांनीही केला. १९३२ साली तुर्की भाषा संस्था निघाली. अरबी-फारसी शब्द निवडून काढले, 'वतन'च्या जागी 'युर्त', 'मिल्लत' (राष्ट्र) च्या जागी 'उलुस' पुढे केला. तरी वतन गेला नाही. नागरिकाला तिथे आजही 'वतनदाश' म्हणतात, आणि १९२० साली अंकारात भरलेल्या संसदेच्या नावात 'मिल्लत' अजून आहे. उलट भाषाच इतकी बदलली की अतातुर्कांचं १९२७ चं मोठं भाषण पुढच्या पिढ्यांना सोप्या तुर्कीत करून द्यावं लागलं. मला हे फार मोठं नुकसान वाटतं.

शरयूताई, 'मातृभूमी' नको. वतन म्हणजे जिथे माणूस जन्मला, राहिला ती जागा, मग ती एखादी आळीही असेल. त्याला अख्ख्या देशाचा अर्थ आला तो एकोणिसाव्या शतकात. इजिप्तचा विद्वान लेखक तहतावी १८२६ ला विद्यार्थ्यांच्या तुकडीबरोबर पॅरिसला गेला. परतल्यावर त्याने हा शब्द नव्या अर्थाने लिहिता केला. केमालचं वतनही तुर्कांपुरतं नाही. १८६९ च्या कायद्याने आर्मेनियन, ग्रीक, अरब सगळेच उस्मानी प्रजाजन ठरले होते, त्या सगळ्यांचं ते वतन. आणि ज्या सिलिस्त्रासाठी नाटकातले सैनिक लढतात ते १८७८ नंतर बल्गेरियात गेलं. 'मातृभूमी' लिहिलंत की ही सगळी घालमेल पुसली जाते.

अनिकेत
मग 'स्वदेश'. पण वतन मुळात अरबी हे तरी कशावरून? 'वेतन'वरून आला असणार. हक्क, उत्पन्न, सगळं जुळतं.

मोडीवाचक
जुळतं म्हणून व्युत्पत्ती होत नाही. अरबी धातू व-त-न, वस्ती करणे. आपल्याकडे त्या जागी 'वृत्ती' होता, वतनदाराला 'वृत्तिवंत'. जागेचा शब्द हक्काला कसा चिकटला हे मात्र शोधण्यासारखं आहे. गावात मूळचा राहणारा तोच हक्काचा धनी, असा काहीसा प्रवास झाला असावा.

गोदाकाठ
सगळे पाटीलकी-देशमुखीवरच बोलताय. महार वतनाचं बोलायचं राहूनच गेलं. आमचे आजोबा हा शब्द उच्चारत नसत. सरकारी माणूस आला की रात्री-अपरात्री धावायचं, निरोप पोचवायचे, ओझी वाहायची आणि बदल्यात तुकडाभर जमीन. शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापुरात ते बंद केलं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात त्यासाठी विधेयक आणलं. बाकी ठिकाणी १९५८ च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं. लेखात 'वतनप्रेम' असं छापलंत तर आमच्या घरात ते वाचवणार नाही.

शरयू
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आभार. पण नाटकाचं नाव तरी 'वतन' ठेवू ना? खाली टीप देईन.

इस्तंबूलकर
नाव तसंच ठेवा, टीप हवीच. मजकुरात जिथे जसा अर्थ निघेल तसा 'देश' किंवा 'मुलूख'.

अनिकेत
'मुलूख'ही अरबीच!

मोडीवाचक
अरबी असेल, पण 'मुलूखगिरी' मराठीच. बरं, इस्तंबूलकर, तुर्कीत 'मिरास' म्हणजे वारसा ना? आपल्याकडे मिरासदार तो गावचा कायमचा रयत, आणि बाहेरून आलेला उपरी. उस्मानी दफ्तरांतही 'रेआया' आहे, म्हणजे आपली रयतच. मग मिरासदार-उपरी असा भेद तिथे होता का?

गोदाकाठ
आणि असला तर उपऱ्याला तिथे जमीन कसता यायची का, तेही सांगा.